पाणथळाचा नकाशा रंगवायचाय: कुठे हात लावायचा नाही, कुठे बांधायचं?

नकाशावाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

मी आराखडे काढते. इमारतींचे नाही, इमारतींच्या भोवतालच्या जागेचे. आजवर बागा झाल्या, आवारं झाली, एक-दोन मैदानं झाली. या खेपेला हातात आलेलं प्रकरण मात्र माझ्या आवाक्याच्या जरा बाहेरचं आहे. ४६ हेक्टरची जागा, त्यातली ३० हेक्टर पाणथळ. मालक एक संस्था. त्यांना अभ्यागत केंद्र, छोटंसं वसतिगृह, वाहनतळ आणि आत जाणारा रस्ता हवाय, सगळं मिळून साडेतीन हेक्टर. "बाकीचं निसर्गाला ठेवू" असं ते आपणहून म्हणालेत आणि मनापासून म्हणालेत असं मला वाटतं. माझं काम एवढंच की नकाशात हिरवा, पिवळा आणि लाल भरून द्यायचा. हिरव्याला हात लावायचा नाही, पिवळ्यात जपून, लालमध्ये बांधा. मुदत सहा आठवडे.

मी जागेचे चार तुकडे पाडलेत.

अ म्हणजे उघडं पाणी, ९ हेक्टर. बारमाही. बदकं, वारकरी (काळा पाणपक्षी), सगळं दृष्ट लागेल असं.

ब म्हणजे पाणकणसाचं रान, ७ हेक्टर. माणूसभर उंच, गच्च हिरवं.

क म्हणजे १४ हेक्टरचा सपाट पट्टा. पाऊसकाळात घोटाभर पाणी, एरवी खुरटं गवत आणि भेगाळलेली जमीन. मी गेले तेव्हा कोरडाठाक होता.

ड म्हणजे उरलेली १६ हेक्टर, उंचवट्याची. त्यातल्या एका कोपऱ्यात, साधारण ३ हेक्टरवर, जुना राडारोडा टाकून सपाट केलंय. बाकी उतार आणि झुडपं.

बैठकीत सगळ्यांचं बोट एकाच ठिकाणी पडलं: क. सपाट आहे, कोरडं आहे, शिवाय तिथून अ चं पाणी समोर दिसतं. एक गृहस्थ म्हणाले, "याला पाणथळ म्हणता? मैदान आहे हे!" मलाही वाटलं, बरोबरच आहे की. मग कागद पुढे करताना माझं पेन हातातून सुटलं आणि जमिनीच्या भेगेत गेलं. हात कोपरापर्यंत घातला तरी लागेना. तेव्हापासून उगाच डोक्यात भुंगा आहे. इतक्या खोल भेगा पडणारी जमीन आधी कधीतरी तितकीच फुगत असणार ना?

तर प्रश्न साधा आहे. अ आणि ब हिरवे, क पिवळा किंवा लाल, ड आत्ता कशालाच नको म्हणून मोकळा. हे बरोबर आहे का? नसेल तर ठरवायचं कशावरून?


पाणीपट्टी

(नाव बघून कराच्या खात्याशी माझा संबंध जोडू नका. पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्ट्या वाचण्यात २६ वर्षं गेली, म्हणून हे नाव.)

ताई, पेन गेलं ते सत्कारणी लागलं असं समजा. तुमची शंका रास्त आहे आणि बैठकीतलं बोट चुकीच्या जागी आहे.

तुमचे चार तुकडे दिसण्यावरून पडलेत, आणि तेही कोरड्या दिवसांत बघून. पाणथळं जपण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर करार १९७१ सालचा. त्यातली पाणथळाची व्याख्याच मुळी कायमचं असो वा तात्पुरतं, साचलेलं असो वा वाहतं, गोडं, मचूळ वा खारं, अशी आहे. समुद्राच्या बाजूला तर ओहोटीच्या वेळी सहा मीटर खोलीपर्यंतचं पाणीही त्यात धरलंय. म्हणजे वर्षातले आठ महिने कोरडं राहणं हा काही पाणथळ नसल्याचा दाखला नाही.

पण व्याख्या तोंडावर फेकून मालक ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. त्याला माती दाखवा.

एक गिरमिट मिळवा, माती काढायचं, नाहीतर सरळ कुदळ-फावडं. अ च्या काठापासून ड च्या उंचवट्यापर्यंत एक सरळ रेघ धरा आणि त्या रेघेवर ठरावीक अंतराने हातभर खोल खड्डे घ्या. प्रत्येक खड्ड्यातली माती वरून खाली ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने फळीवर मांडा. मग ओली करून रंग बघा, कोरडी माती फसवते. जिथे पाणी आठवडेच्या आठवडे भरून राहतं तिथे मातीतला प्राणवायू संपतो. लोह विरघळतं, हलतं, आणि मागे राखाडी, कधी निळसर झाक राहते. पाणी उतरलं की मुळांच्या आणि भेगांच्या कडेने हवा शिरते, तिथे तेच लोह पुन्हा गंजतं. म्हणून राखाडी मातीत तांबूस-नारिंगी ठिपके, आणि बारीक मुळांभोवती गंजाच्या नळ्या. हे ठिपके म्हणजे पाणी वरखाली होतंय याची सही. कायम बुडालेल्या मातीत ते नसतात, नुसता राखाडीपणा असतो, कधी सडक्या अंड्याचा वास.

एक सावधगिरी. तुमच्या भेगा बघता माती काळी चिकण असणार. काळ्या मातीत हे रंग लपतात. तिथे मुळांजवळचा गंज शोधा आणि चिमटीत माती चोळून मोहरीएवढ्या काळ्या-तपकिरी कडक गोळ्या लागतात का बघा. लोह-मँगनीजच्या असतात त्या.

दुसरं काम, पाणी येतं कुठून. याला महागडं काही लागत नाही. क मध्ये आणि अ मध्ये एकेक पट्टी रोवा, शेजारी पर्जन्यमापक ठेवा. ३० मिलिमीटर पाऊस पडला आणि पट्टीवर पाणी ३० मिलिमीटरच चढलं, तर ते नुसतं आभाळातलं. ११० चढलं तर उरलेलं कुठून तरी वाहत आलंय, आणि मग ते "कुठून तरी" तुमच्या नकाशात हिरवं हवं, भले तिथे वर्षभर एक थेंब दिसत नसेल. लोक हेच विसरतात. तळं राखतात आणि तळ्याचा घसा आवळतात.

सहा आठवड्यांत पाऊस पडेल न पडेल. तोवर उपग्रहाची जुनी चित्रं बघा. लँडसॅटची ३० मीटरची (म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा) चित्रं १९८० च्या दशकापासून आहेत, सेंटिनेल-२ ची १० मीटरची २०१५ पासून, दोन्ही फुकट. दरवर्षीचा सगळ्यात ओला महिना काढा आणि एकावर एक ठेवा. फक्त दोन गोष्टी लक्षात असू द्या. पाणकणसाखालचं पाणी वरून दिसत नाही, आणि ३० मीटरच्या ठिपक्यात लहान डबकी हरवतात.

आता माझी एक लाज सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका जागेवर मी सल्लागार होतो. बांधकाम सगळं उंचावर घेतलं, फक्त एक पायवाट पाणथळाच्या मधून नेली. मातीचा बांध, दीड मीटर उंच, खालून चार नळ. चार नळ पुरेत असा हिशेब मीच केला होता, आणि पुराच्या वेळचा प्रवाह धरून बरोबरच केला होता. पण तिथलं पाणी पुरासारखं येतच नव्हतं. ते चादरीसारखं, बोटभर जाडीचं, सगळ्या रुंदीवरून सरकायचं. बांधाने चादर अडवली, नळांतून चार दोऱ्या सुटल्या. तिसऱ्या वर्षी खालच्या अंगाला लव्हाळा पिवळा पडला आणि वरच्या अंगाला पाणी तुंबून झुडपं मेली. एकही भिंत न बांधता मी ती जागा दोन केली होती.

मी काही एकटाच शहाणा नव्हतो म्हणा. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समधून १९२८ साली टामियामी ट्रेल नावाचा रस्ता पुरा झाला, त्याने असंच केलं. तिथे पाणी पुन्हा खालून जावं म्हणून रस्ता उचलून पूल बांधायची वेळ आली. पहिला मैलभराचा पूल २०१३ मध्ये झाला. रस्त्यानंतर ८५ वर्षांनी.

तेव्हा इमारत कुठे हा प्रश्न तुम्ही विचारलात, मी आधी विचारीन की रस्ता कुठून.


विटावाळू

वरचा प्रतिसाद उत्तम, पण थोडं या बाजूनेही बघा. मी बांधकामातला माणूस. अशा बैठकांना मी टेबलाच्या पलीकडे बसतो.

१४ हेक्टर क हिरवा, वर उतार हिरवा, घसा हिरवा, काठ हिरवा. मग मालकाने बांधायचं हवेत? सगळंच हिरवं रंगवून दिलंत तर तो तुमचा नकाशा गुंडाळून ठेवील आणि दुसऱ्याकडून लाल करून घेईल. हे मी पाहिलंय. त्यापेक्षा द्या-घ्या बरं. लंडनला टेम्सकाठी बार्न एल्म्स म्हणून जुने चार व्हिक्टोरियन जलाशय होते, वापरातून गेलेले. एका बाजूला घरं बांधायला जागा दिली, त्या पैशाचा हातभार लागून उरलेल्या ४० हेक्टरच्या वर जागेत पाणथळ उभं केलं. २००० साली लोकांसाठी उघडलं. आज पक्षी बघायला रांग लागते. हाँगकाँगला तिन शुई वाईचं नवं शहर वसवताना पाणथळ गेलं, त्याच्या भरपाईपोटी ६१ हेक्टरचं उद्यान झालं, २००६ मध्ये उघडलं. म्हणजे गेलेलं परत करता येतं.


पाणीपट्टी

विटावाळू, हवेत बांधा असं मी कुठे म्हणालो? माझी नजर ड च्या राडारोड्यावर आहे. ३ हेक्टर आधीच बिघडलेली जागा कोणी बोटसुद्धा न लावता पडून आहे. केंद्र आणि वसतिगृह तिथे बसेल. उरलेला अर्धा हेक्टर, म्हणजे वाहनतळाचा काही भाग आणि रस्ता, फाटकाजवळ.

तुमच्या उदाहरणांबद्दल. लंडनचे जलाशय म्हणजे काँक्रीटचे हौद होते. हौदाचं पाणथळ केलं तर मिळकतच आहे. तिथे द्या-घ्यामध्ये कुणाचं जिवंत पाणथळ गेलं नाही. हाँगकाँगचं उद्यान शहर आणि पलीकडची माय पो दलदल यांच्यामध्ये उशीसारखं बसलंय, हे त्याचं मोठं काम, आणि ते चांगलं आहे. पण "गेलेलं परत करता येतं" हे वाक्य जपून वापरा. जगभरातल्या ६२१ पुनर्निर्मित पाणथळांची आकडेवारी एकत्र करून २०१२ साली एक अभ्यास छापून आला. शंभर वर्षं उलटली तरी झाडंझुडपं, जीवजंतू यांच्या बाबतीत ती जागा अस्सल पाणथळापेक्षा सरासरी २६ टक्के मागेच, आणि मातीत कार्बन साठवण्यासारख्या कामात २३ टक्के. शंभर वर्षं! आपण आराखड्यात लिहितो, "तीन वर्षांत पुनर्स्थापना".

म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, बिघडलं ते दुरुस्त करा, आणि हे सगळं झाल्यावर उरलंसुरलं दुसरीकडे भरून द्या. बैठकीत हा क्रम नेहमी शेवटून सुरू होतो.


पहाटपक्षी

पाणीपट्टींच्या मातीबद्दल मला काही कळत नाही, मी बारा-तेरा वर्षं पक्षी मोजतेय. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे: अ वर सगळेच लट्टू आहेत, तेवढं लट्टू होऊ नका.

खोल उघडं पाणी दिसायला छान आणि मोजायला सोपं. वारकरी आणि बुडी मारणारी बदकं तिथे असतात. पण शेकाट्या, तुतवार, चिखले यांचं पोट भरतं ते बोटभर ते वीतभर पाण्यात. डोकं खाली, शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांनाही हातभर खोल पाणी फारसं उपयोगाचं नाही. त्यांचं ताट म्हणजे तुमचा क. पाणी उतरत जातं तसा काठ रोज थोडा पुढे सरकतो आणि रोज नवा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात काय असतं ते बघायचं तर एकदा पायातलं काढून उतरा. पाय उचलला की भोकात गुलाबी अळ्या वळवळतात, चिलटांच्या. त्यासाठी कुठून कुठून येतात ही पाखरं.

दुसरं, पक्षीगणना एकदाच करून निष्कर्ष काढू नका. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तुलनेसाठी ती सोन्यासारखी आहे. पण जानेवारीच्या आकड्यावर क ला शून्य गुण मिळतील, कारण तोवर तो आटलेला असतो. वीण कुठे होते, येता-जाता थांबतात कुठे, हे जानेवारी सांगत नाही. मालकाला रामसरचा निकष ऐकून माहीत असेल, नियमितपणे २०,००० पाणपक्षी किंवा एखाद्या पक्षीजातीच्या समूहाचा १ टक्का. "आपल्याकडे कुठे वीस हजार आहेत" असं म्हणतील. ते निकष आंतरराष्ट्रीय महत्त्व ठरवायला आहेत. तुमच्या जागेत कुठे भिंत घालावी हे ठरवायला नाहीत.

तिसरं, ब बद्दल. सगळं हिरवं म्हणजे चांगलंच असं नाही. पाणकणीस एकटंच गच्च माजलंय का? मग कुठून तरी खत किंवा सांडपाणी येतंय, किंवा पाण्याची पातळी कोणीतरी वर्षभर एकसारखी धरून ठेवलीय. दहा वर्षांपूर्वी ब केवढा होता ते त्या उपग्रहाच्या चित्रांत बघा. अ च्या पोटात शिरत असेल तर काही भाग कापावा लागेल. हिरव्या रंगाचा अर्थ "हात लावायचा नाही" असा लिहून ठेवलात तर उद्या कापायलाही बंदी.

भरतपूरचं केवलादेव हे याचं सगळ्यांना पाठ असायला हवं असं उदाहरण. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं म्हणून म्हशी चारायला बंदी घातली. हेतू शुद्ध. म्हशी गेल्या आणि पाणगवत इतकं माजलं की उघडं पाणीच झाकलं गेलं, बदकं कमी झाली. बंदीला डॉ. सालिम अली यांचाही पाठिंबा होता. आणि त्यांच्याच बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) वर्षानुवर्षं तिथे अभ्यास करून शेवटी सांगितलं की चराई तिथे कामाची होती. आपलं मत चुकलं हे असं मोजून सांगायला मोठं मन लागतं.


बेडूकराव

सगळे ओल्या बाजूबद्दल बोलतायत म्हणून एकच मुद्दा. बेडूक पाण्यात अंडी घालतात, पण वर्षातला बराच काळ जमिनीवर काढतात, पालापाचोळ्यात, बिळात. उभयचरांवरचे अभ्यास एकत्र करून २००३ साली जे निघालं त्यात पाणथळाच्या काठापासून सरासरी १५९ ते २९० मीटरपर्यंतची कोरडी जमीन त्यांना लागते असं आहे. म्हणजे पाण्याभोवती ३० मीटरचा हिरवा पट्टा काढून समाधान मानलंत तर गाळ गाळला जाईल, बेडूक नाही जगणार. तुमच्या ड च्या उतारावरची झुडपं हे त्यांचं घर आहे. आणि लहान डबकी सोडू नका. जी आटतात त्यांत मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणूनच तिथे बेडूकपिल्लं वाचतात.

रस्ता डबकी आणि उतार यांच्या मधून गेला तर पहिल्या पावसाच्या रात्री काय होतं ते मी डांबरावर बघितलंय. तपशील देत नाही.


नकाशावाली

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण खड्डे खणत होते!

रेघेवर सात खड्डे घेतले. फळी नव्हती, जुन्या दाराची फळकुटी वापरली. पहिला, अ च्या काठाचा: वरपासून राखाडी, आणि वास असा की सोबतचा मुलगा लांब जाऊन उभा राहिला. दुसरा, तिसरा, चौथा क मधले. कोरड्या मातीत मला काहीच दिसलं नाही. काळी ती काळी. पाणी शिंपडलं, ढेकूळ मधून मोडलं, आणि आत गवताच्या केसासारख्या मुळाभोवती नारिंगी नळी! सुईने रेघ ओढावी तशी. मग त्या दिसायलाच लागल्या, सगळीकडे. साधारण वीतभर खाली राखाडी सुरू. मोहरीच्या गोळ्या पाचव्यात मिळाल्या, तो क आणि उताराच्या हद्दीवर आहे. सहाव्यात, उतारावर, तपकिरी भुसभुशीत, काही नाही. म्हणजे पाणथळाचा काठ मी नकाशात काढला होता त्याच्या चाळीस मीटर वर आहे.

आणि सातवा. तो राडारोड्यावर. हाताने जमेना म्हणून यंत्र आणलं. विटांचे तुकडे, काँक्रीट, प्लास्टिक, एक चप्पल, असं सव्वा मीटर. त्याखाली राखाडी चिकण माती आणि तिच्यात कणसाची जुनी मुळं, दाबून चपटी झालेली. म्हणजे ड चा हा कोपरा कधीकाळी ब च होता.

आता मी गोंधळलेय. तिथे बांधायचं की तो भराव उचलून पाणथळ परत करायचं? काल मी तो तुकडा लाल केला, रात्री पुसला, सकाळी पुन्हा लाल केला.

जुनी चित्रंही पाहिली. क जवळजवळ दरवर्षी भरतो. आणि ब खरंच वाढलाय, अ च्या एका बाजूने.


पाणीपट्टी

शाब्बास. मुळाभोवतीची नळी एकदा डोळ्याने बघितली की कोरड्या जमिनीकडे बघायची नजर बदलते.

सातव्या खड्ड्याचं. मन म्हणतं, परत करा. पण साडेतीन हेक्टर कुठेतरी बसणारच आहेत. भराव काढायचा तर तो नेऊन टाकायला दुसरी जागा लागते, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचं तरी पाणथळ असते. मी तिथेच बांधा म्हणेन, पण भरावाचा पायथा ब कडे एक हातही पुढे सरकू द्यायचा नाही. उलट ब च्या बाजूची दहा-पंधरा मीटरची कड मागे घेऊन मंद उतार द्या. राडारोड्यात काय आहे ते मात्र तपासून घ्या. रसायनं, तेल, डांबर असलं तर माझं उत्तर बदलेल, कारण मग ते झिरपून ब मध्येच जातंय.


विटावाळू

इथे माझं काम आहे. सव्वा मीटर राडा आणि खाली ओली चिकण माती, म्हणजे साधा पाया घातलात तर इमारत वाकडी बसणार. एक कोपरा आधी, दुसरा नंतर. खांब खालच्या घट्ट थरापर्यंत न्यावे लागतील. ते महाग आहे हे मालकाला पहिल्याच दिवशी सांगा, सहाव्या महिन्यात नको. इमारत हलकी, एक मजली, जमिनीपासून उचललेली.

आणि कोणी सुचवील की भोवती चर खणून जमीन वाळवून घेऊ. नको. इंग्लंडात होल्म फेन नावाच्या ठिकाणी पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) दलदल आटवली तेव्हा १८५१ मध्ये लोखंडी खांब जमिनीत गाडला होता, टोक जमिनीच्या पातळीला. आता तो खांब चार मीटर बाहेर उभा आहे. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली. तुमची माती पीट नाही, इतकी बसणार नाही, पण चिकण मातीही वाळली की आकसते. तुमच्या पेनाला विचारा.

(पाणीपट्टी, हौदांबद्दल तुमचं म्हणणं मान्य.)


पहाटपक्षी

ड वर बांधताय तर खिडक्या आणि दिवे कुठल्या बाजूला हे आत्ताच आराखड्यात लिहा. पाण्याकडची बाजू रात्री काळोखी हवी. गच्ची पाण्याकडे देऊ नका. आकाशावर माणसाची आकृती हलली की बदकं उठतात, भिंतीआडून हजार माणसं गेली तरी उठत नाहीत. बघायला जायची वाट झुडपांच्या आडून न्या आणि एकाच आडोशापाशी संपवा. पाण्याभोवती गोल फेरी मारणारी वाट मागतील. हमखास मागतात. देऊ नका, मग पाखरांना जायला बाजूच उरत नाही.


नकाशावाली

काल बैठक झाली. गोल फेरीची वाट मागितली!

खड्ड्यांतली माती मी काचेच्या नळ्यांत थरांच्या क्रमाने भरून नेली होती. टेबलावर ओळीने ठेवली, पाणी शिंपडलं आणि काही बोलले नाही. "मैदान आहे" म्हणणारे गृहस्थच भिंग मागून बघत बसले. क हिरवा झाला. उतारावरून क मध्ये उतरणारी घळ, जिच्यावरून मूळ रस्ता जाणार होता, तीही हिरवी, आणि झुडपांचा बराचसा उतार तिच्यासोबत. रस्ता आता फाटकापासून थेट राडारोड्यापर्यंत, सगळा उंचावरून. ब पिवळा आहे, कापणीच्या अटींसह. हिरव्याखालचं "हात लावायचा नाही" काढून "पाण्याची ये-जा अडेल असं काही नाही" असं लिहिलं. पुढे कोणाला जनावरं चारायची असतील तर दार उघडं राहील.

वाहनतळावर मात्र हरले. निम्मा फाटकाजवळ मान्य झाला, निम्मा त्यांना केंद्राजवळच हवा. भरावावरच आहे, पण ब पासून फक्त पंचवीस मीटरवर. मी पाणी मुरेल अशी खडीची जमीन आणि मध्ये गवताचा खोलगट पट्टा दाखवलाय. तेलाचं पाणी त्यात थांबेल का, हे कोणी सांगेल का? राड्याचे नमुने तपासायला गेलेत, त्याचा निकाल यायचाय. तोवर तो लाल मी पेन्सिलीने ठेवलाय.

आणि एक वर्ष पट्ट्या वाचून मगच रस्त्याची अंतिम पातळी ठरवायची, हे कलम त्यांनी ठेवू दिलं.


पाणीपट्टी

खडीची मुरणारी जमीन भरावावर नको. मुरलेलं पाणी राड्यातून धुऊन ब मध्ये उतरेल. तिथे पक्की फरशी करा, उतार ब च्या उलट दिशेला द्या आणि गवताचा पट्टा त्या बाजूला, भरावाच्या बाहेर, मूळ मातीत घ्या. तेल बरंचसं गवतात आणि वरच्या मातीत अडतं, पण ती माती काही वर्षांनी खरवडून बदलावी लागते. ते कलमही आत्ताच घाला.

पट्टी रोवताना एक करा. चिकण मातीत पट्टी स्वतःच वरखाली होते, फुगली की उचलते, वाळली की बसते. तिचा शून्य एखाद्या न हलणाऱ्या खुणेशी, खडकाशी किंवा जुन्या पक्क्या बांधकामाशी, पातळीयंत्राने जोडून घ्या आणि वर्षातून दोनदा तपासा. नाहीतर वर्षभर तुम्ही पाणी नाही, पट्टीच मोजत बसाल.


नकाशावाली

फरशीचं लगेच बदलते. पट्टी या आठवड्यात लावतेय, फाटकाच्या जुन्या दगडी खांबाशी जोडून. वाचायची कधी, सकाळी की संध्याकाळी?


पाणीपट्टी

सकाळी, रोज एकाच वेळी. वारा पडलेला असतो, पाणी पट्टीवर हलत नाही.